पेशी धुऊ नका: लाल शैवाल आणि त्याच्या अंगावरचे जिवाणू घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली कसे पाहावेत

आमच्या हनुमान नगरच्या घराच्या गच्चीवर पाखरांना पाणी प्यायला सिमेंटचं एक पसरट भांडं ठेवलेलं आहे. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढू लागलं आणि दोन दिवस पाणी घालायचं राहून गेलं, की भांडं कोरडं पडतं आणि तळाला कुंकू सांडल्यासारखा लाल थर दिसतो. सून म्हणाली, "आई, गंज चढला वाटतं, घासून टाकू का?" त्या भांड्यात लोखंडाची तारसुद्धा नाही. मी तिला थांबवलं, नखाएवढी खपली सोडवली आणि सूक्ष्मदर्शक काढला.

ते हिमॅटोकॉकस होतं. एकपेशीय हिरवं शैवाल, पण ऊन आणि कोरड सोसावी लागली की लाल होणारं. हिमालयात आणि आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात जुना बर्फ गुलाबी करणारी जी शैवालं आहेत, ती याच गोतातली. दोघांचा लाल रंगही एकच, अ‍ॅस्टाझँथिन. उकडल्यावर झिंगे लाल होतात तेही याच रंगामुळे. म्हणजे लाल बर्फाचा थेंब कसा पाहायचा हे शिकायला नागपूरच्या माणसाला हिमालय गाठायची गरज नाही. हात आधी गच्चीवर बसवावा, बर्फ नंतर.

मी एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. हजारो स्लाईड केल्या. त्यातल्या शैवालाच्या बहुतेक स्लाईड मी चुकीच्या केल्या, हे मला निवृत्तीनंतर कळलं. चूक एकच होती: मी नमुना धुवायची. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून कण तळाला बसवणाऱ्या यंत्रात, फिरवून, वरचं गढूळ पाणी ओतून, पुन्हा स्वच्छ पाणी घालून, तीन-तीनदा. पेशी काचेसारख्या लख्ख दिसायच्या आणि मुलांची चित्रं सुंदर यायची. पण पेशीभोवतीचं बुळबुळीत वेष्टन आणि त्यात राहणारे जिवाणू मी दर वेळी मोरीत ओतत होते. एकट्या पेशीचं जे चित्र मुलांच्या वहीत गेलं, तशी एकटी पेशी निसर्गात मला अजून सापडलेली नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

काय काय लागतं

विद्यार्थ्यांचा साधा सूक्ष्मदर्शक पुरे, फक्त त्याला ४, १०, ४० आणि १०० अशी चारही भिंगं असावीत आणि खाली वर-खाली होणारा कंडेन्सर (उजेड नमुन्यावर एकवटणारं भिंग) आणि मिटता येणारा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) असावा. शंभरचं भिंग तेलात बुडवून वापरायचं असतं, त्याचं तेल नागपुरात सीताबर्डीवर सायंटिफिकच्या दुकानात मिळतं. तिथेच स्लाईड, कव्हरस्लिप, लुगोलचं आयोडीन आणि भिंग पुसायचा कागद घ्या. मेथिलीन ब्लू शोभेच्या माशांच्या दुकानातही मिळतं. याशिवाय पेट्रोलियम जेली, टाचणी, टिपकागद आणि काळी ड्रॉइंगची शाई. फाउंटन पेनची शाई चालणार नाही, का ते पुढे सांगते.

ड्रॉपरचं टोक कात्रीनं तिरकं कापून तोंड रुंद करा. अरुंद तोंडातून पाणी जोरात ओढलं की वेष्टन फाटतं. धुण्याखालोखाल नुकसान या ड्रॉपरनं होतं.

खपली जिवंत करणे

लाल खपली थेट काचेवर ठेवली तर नुसते लाल गोळे दिसतात. तेही पाहावेत, पण त्याआधी तिचे दोन भाग करा. एक भाग कागदाच्या पुडीत कोरडा ठेवा. दुसरा काचेच्या ग्लासात दोन बोटं पाण्यात टाका. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या, माठातलं शिळं पाणी उत्तम. ग्लास उत्तरेच्या खिडकीत ठेवायचा, थेट उन्हात नाही. एका दिवसात, कधी तीन-चार दिवसांत पाण्याला पुसटशी हिरवी झाक येते. लाल गोळ्याच्या आत पेशीचे तुकडे पडून नवी पिल्लं तयार झालेली असतात आणि भिंत फोडून ती पोहायला लागलेली असतात.

ही पोहणारी पेशी आधी नीट ओळखा, कारण सगळ्या गोताची घडण तीच आहे. लांबट गोल शरीर, पुढच्या टोकाला दोन कशाभिका, म्हणजे पोहायचे चाबकासारखे धागे, आत वाटीसारखं हरितलवक, बाजूला लाल ठिपका, ज्याच्या आधारानं पेशी उजेडाची दिशा ओळखते. हरितलवकात पिरेनॉइड नावाचे दाट गोळे असतात आणि त्यांच्याभोवती पिठाचं कवच. कव्हरस्लिपच्या एका कडेला लुगोलचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेला टिपकागद लावला की आयोडीन आत सरकतं, पीठ गर्द जांभळं-काळं होतं, पेशी जागच्या जागी थांबते आणि मघापर्यंत न दिसणाऱ्या कशाभिका रेघेसारख्या दिसू लागतात. हिमॅटोकॉकसची स्वतःची खूण अशी की त्याचा जीवद्रव्याचा गोळा भिंतीला चिकटलेला नसतो. मध्ये रिकामी पारदर्शक जागा असते आणि गोळ्यापासून भिंतीपर्यंत बारीक धागे ताणलेले असतात. बर्फावरच्या शैवालांत हे धागे नसतात.

पाणी आटू लागलं, खत संपलं किंवा ऊन कडक झालं की पेशी कशाभिका टाकते, गोल होते, भिंत जाड करते आणि लाल होऊ लागते. हे रोज सकाळी एक थेंब घेऊन पाहण्यासारखं आहे. लाली आधी मधोमध, केंद्रकाभोवती उमटते आणि मग कडेकडे पसरत जाते. पूर्ण लाल झालेली एखादी पेशी कव्हरस्लिपवर टाचणीच्या डोक्यानं दाबून फोडा. फोडणीतल्या तेलावर लाल तिखटाचा रंग उतरतो तसे केशरी-लाल तेलकट थेंब बाहेर येतात, ते पाण्यात मिसळत नाहीत. अ‍ॅस्टाझँथिन या तेलात विरघळलेलं असतं. ते निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे आतल्या हरितलवकाला उन्हाचा तडाखा बसत नाही. गच्चीवरच्या पेशीला नागपूरचं ४५ अंशांतलं ऊन सोसायचं असतं. बर्फावरच्या पेशीला शून्य अंशाजवळ राहून उंचावरचं तीव्र ऊन आणि बर्फावरून परतणारा प्रकाश, दोन्ही झेलायचं असतं. दोघींनी लालच छत्री धरली आहे.

गंजाची शंका असेल तर याच पायरीवर मिटते. गंजाचे कण वेडेवाकडे असतात, एकासारखा दुसरा नसतो. शैवालाचे गोळे रेखीव असतात आणि फोडले की तेल सोडतात.

स्लाईड

कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावा, मगच ती थेंबावर टेकवा. नाहीतर काचेच्या वजनानंच वेष्टन चेपतं. टेकवल्यावर कडांनाही जेली फिरवून बंद करा. पुण्या-मुंबईत हे न करताही चालत असेल, आपल्याकडे चालत नाही. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली ठेवलेली उघडी स्लाईड दहा मिनिटांत कडेनं सुकू लागते. पाणी आटलं की उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होतात, पेशी आक्रसते आणि वेष्टन खाली बसतं. सकाळी सहा ते आठ ही माझी वेळ. कूलर लावलेल्या खोलीत हवा दमट राहते म्हणून मी तिथे बसून पाहिलं, पण कूलरच्या थरथरीनं शंभरच्या भिंगाखालचं चित्र नाचतं. आता कूलर शेजारच्या खोलीत चालू असतो आणि मधलं दार उघडं.

आकार मोजायला वेगळं साधन घ्यायची घाई नको. डोळ्याच्या भिंगावर '१०×/१८' असं काहीतरी कोरलेलं असतं. त्यातला १८ हा आकडा खालच्या भिंगाच्या आकड्यानं भागला की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. चाळीसच्या भिंगाला ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन. शंभरला १८० मायक्रॉन. वर्तुळात आडव्या रांगेत असे किती गोळे बसतील याचा अंदाज घ्या आणि भागा. लाल, जाड भिंतीच्या विश्रामी पेशी साधारण २० ते ३० मायक्रॉनच्या निघतील, काही त्याहून मोठ्या. जिवाणू एखाद्या मायक्रॉनचा, लांबट असेल तर दोन-तीन.

सब्जा आणि शाई

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वेष्टन मुळात दिसतच नाही, कारण ते पाण्यासारखंच पारदर्शक असतं. ते कसं दिसतं हे मी घरी येणाऱ्या मुलांना आधी स्वयंपाकघरात दाखवते.

उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा भिजवा. काळ्या बीभोवती पारदर्शक गर फुगतो. बशीत पाणी घेऊन त्यात ड्रॉइंगच्या शाईचे काही थेंब मिसळा आणि सब्जाचे चार दाणे सोडा. पाणी काळं होतं, पण प्रत्येक बीभोवती स्वच्छ कडं राहतं. ड्रॉइंगच्या शाईत काजळीचे बारीक कण असतात आणि ते गरात शिरू शकत नाहीत. आता हेच दुसऱ्या बशीत पेनच्या शाईनं करा. पेनची शाई विरघळलेला रंग आहे, ती गरातही शिरते, कडं निळं होतं आणि थोड्या वेळानं गर आणि पाणी वेगळं ओळखूच येत नाही. दोन बशा शेजारी ठेवल्या की लहान मुलालाही कळतं.

स्लाईडवरही हेच. न धुतलेल्या नमुन्याचा एक थेंब आणि त्याच्या शेजारी शाईचा त्याहून लहान थेंब ठेवा. टाचणीनं दोन्ही हलकेच एकत्र आणा, ढवळू नका. कव्हरस्लिप टेकवा. कडेकडे शाई दाट आणि मध्ये विरळ असा उतार तयार होतो. भूरकट दिसणाऱ्या मधल्या पट्ट्यात पाहा. आधी दहाच्या भिंगानं पेशी शोधा, मग चाळीसला या. कंडेन्सर थोडा खाली, डायफ्रॅम अर्धा मिटलेला.

मी हे पहिल्यांदा केलं तो दिवस मला लख्ख आठवतो. विटकरी रंगाची एक पेशी, तिच्याभोवती जाड भिंतीची चकाकती रेघ आणि तिच्याबाहेर पांढरंशुभ्र कडं, जवळजवळ पेशीच्या अर्ध्या रुंदीचं. त्याच्या बाहेर शाईचा काळा समुद्र. मी बारीक फोकसचा स्क्रू केसभर फिरवला आणि त्या पांढऱ्या कड्यात लहान लहान काड्या उभ्या राहिल्या. काही भिंतीला टेकलेल्या, काही मध्ये तरंगत्या, दोन टोकाला टोक लावून. मोजल्या तर त्या एका पातळीत चौदा होत्या. पेशी गोल आहे, म्हणजे वर-खाली मिळून आणखी कितीतरी. ३१ वर्षं मी ज्यांना 'घाण' म्हणत होते त्या या काड्या. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

काडी खरंच वेष्टनात आहे की नुसती वर येऊन पडली आहे, हे ठरवायला दोन गोष्टी करते. पहिली फोकसची: पेशीचा मधला घेर स्पष्ट असतानाच काडीही स्पष्ट दिसली तर ती बाजूला आहे, वर किंवा खाली नाही. दुसरी टाचणीची: चाळीसच्या भिंगाखाली कव्हरस्लिपच्या कडेला टाचणीनं हलकंसं टोचा. पेशी सरकते. वेष्टनातले जिवाणू तिच्याबरोबर एकजीव सरकतात, बाहेरचे मागे राहतात किंवा वेगळ्या दिशेनं जातात.

मोकळ्या पाण्यातला प्रत्येक बारीक कण जागच्या जागी थरथरताना दिसेल. ती जिवंतपणाची खूण नव्हे, पाण्याच्या रेणूंचे धक्के आहेत. मेलेला जिवाणू, धूळ, काजळी, सगळेच थरथरतात. जिवंत आणि पोहणारा जिवाणू वर्तुळाच्या एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं निघून जातो. वेष्टनात रुतलेला बहुतेक थरथरतही नाही, कारण गर त्याला धरून ठेवतो. या थरथरीला ज्यांच्या नावानं ब्राउनियन गती म्हणतात, ते वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन लाल बर्फाच्या गोष्टीतही आहेत. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन रॉस यांच्या मोहिमेला ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर लाल बर्फानं माखलेले कडे दिसले. तो बर्फ वितळवून, बाटल्यांत भरून इंग्लंडला नेला. वनस्पतींचे चित्रकार फ्रान्सिस बाउअर यांनी त्यातल्या गोळ्यांना बुरशी ठरवून उरेडो निवालिस असं नाव दिलं. ब्राउन यांचं मत मात्र शैवालाकडे झुकलं आणि तेच बरोबर होतं. महिनोन्‌महिने बाटलीत राहिलेल्या नमुन्यात ना हिरवा रंग, ना कशाभिका, नुसते लाल गोळे. चूक होणं स्वाभाविक होतं. पुढे १९०३ मध्ये ते क्लॅमिडोमोनास निवालिस झालं आणि २०१९ मध्ये जगभरच्या लाल बर्फातल्या गोल, गुळगुळीत पेशींना सँग्विना निवालॉइडिस हे नवं नाव मिळालं. जुन्या पुस्तकात आधीचं एखादं नाव दिसलं तर गोंधळू नका.

तेलाचं भिंग आणि निळा रंग

जिवाणूंचा आकार नीट पाहायचा तर शंभरचं भिंग हवं. आधी चाळीसनं पेशी बरोबर मध्ये आणा, मग भिंग अर्धं फिरवून मोकळ्या जागेत कव्हरस्लिपवर तेलाचा एक थेंब ठेवा आणि शंभरचं भिंग त्यात उतरवा. आता कंडेन्सर वर, डायफ्रॅम बराचसा उघडा. तेल लागल्यावर चाळीसचं भिंग पुन्हा फिरवून आणू नका, ते तेलानं माखेल आणि त्यातून काही दिसणार नाही. काम संपल्यावर तेल त्याच दिवशी कागदानं टिपून काढा.

जिवाणूंना रंग द्यायला मेथिलीन ब्लू पाण्यात इतकं पातळ करा की बाटलीत आकाशी दिसेल. ते लुगोलसारखंच एका कडेनं आत सरकवा. पाच मिनिटांत वेष्टनातले जिवाणू निळे होतात. जिवंत शैवाल पेशी निळी होत नाही, मेलेली होते, हा आणखी एक फायदा. काच तापवून, सुकवून रंग द्यायची महाविद्यालयातली पद्धत इथे नको. सुकलं की वेष्टन कागदासारखं चपटं होतं आणि कोण कुठे होतं ते कायमचं पुसलं जातं. ग्रॅमची रंगणी (जिवाणूंचे दोन मोठे प्रकार वेगळे ओळखायची रंग देण्याची पद्धत) करायचीच असेल तर त्याच नमुन्याची दुसरी, वेगळी स्लाईड करा. तिचा उपयोग जिवाणूंचा प्रकार कळण्यापुरता, जागा कळण्यासाठी नाही.

हे जिवाणू तिथे करतात काय? वेष्टन साखरेच्या लांब साखळ्यांचं असतं, शैवालानं उन्हात बनवलेल्या अन्नातूनच ते आलेलं. जिवाणूंना ते खाणं मिळतं आणि धरायला जागाही. उलट दिशेनं, जिवाणू मेलेल्या पेशींचं विघटन करून नत्र आणि स्फुरद पुन्हा मोकळं करतात आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. ब१२ जीवनसत्त्व तर कुठलंच शैवाल बनवू शकत नाही, ते फक्त जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) बनवतात. ज्या शैवालांना ब१२ लागतं, आणि अशी पुष्कळ आहेत, त्यांना ते कुठल्या तरी जिवाणूकडूनच घ्यावं लागतं. बर्फासारख्या जागी, जिथे खायला वाऱ्यानं आणलेल्या धुळीपलीकडे फारसं काही नाही, तिथे या देवाणघेवाणीचं मोल मोठं. लाल बर्फातल्या जिवाणूंचे डीएनए तपासल्यावर बॅक्टेरॉइडीट्स आणि प्रोटिओबॅक्टेरिया हे दोन मोठे गट पुन्हा पुन्हा सापडतात.

बर्फाचा नमुना

माझ्या भावाचा मुलगा हिमाचलात ट्रेकिंगला जातो. गच्चीवरचं पाहून झाल्यावर मी त्याला म्हटलं, गुलाबी बर्फ दिसला तर आण. त्यानं मनापासून आणला, एक लिटरची पाण्याची बाटली गच्च भरून. बाटली बसमध्ये, मग दिल्लीहून नागपूरच्या गाडीत, असे तीन दिवस जूनच्या उन्हाळ्यात फिरली. बाटली उघडताच कुबट वास आला. स्लाईडवर पेशी सुरकुतलेल्या, फुटलेल्या आणि जिवाणूंची नुसती जत्रा. "आत्या, बघ किती जिवाणू!" तो आनंदानं म्हणाला. मला त्याला सांगावं लागलं की बाळा, हे बर्फातले सोबती नाहीत, हे तुझ्या बाटलीत वाढलेले आहेत. शून्य अंशाजवळ जगणाऱ्या पेशी उष्णतेनं मेल्या आणि त्यांच्यावर ताव मारणारे वाढले.

धुण्यानं खरे सोबती जातात आणि उशिरानं खोटे सोबती येतात. दोन्ही टाळायचं. पुढच्या वर्षी मी त्याला कागदावर लिहून दिलं, तेच इथे देते.

जूनच्या शेवटापासून जुन्या, दाणेदार झालेल्या बर्फाच्या पट्ट्यांत पाहा. ताज्या भुसभुशीत बर्फात नाही. नुसत्या डोळ्यांना रंग दिसत नसेल तर चालून मागे वळून पाहा, दबलेल्या बुटाच्या ठशात गुलाबी रंग गडद दिसतो. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर परवानगीशिवाय चिमूटभरही घेऊ नका. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्यानं वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर खरवडा आणि स्वच्छ पिशवीत सावलीत वितळू द्या. पिळू नका, हातानं दाबू नका. वितळलं की लगेच तीन लहान बाटल्या भरा. पहिलीत लुगोलचे थेंब घाला, पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होईपर्यंत. ही बाटली गडद काचेची हवी. दुसरीत काही घालू नका आणि ती बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवा, कारण लुगोलनं पेशी तपकिरी होतात आणि खरा लाल रंग फक्त दुसऱ्या बाटलीत पाहता येतो. तिसरीत शेजारचा पांढरा, बिनरंगाचा बर्फ वितळवून त्यातही लुगोल घाला. ही तिसरी बाटली सगळे विसरतात. पण लाल बर्फात जिवाणू जास्त आहेत असं म्हणायला पांढऱ्या बर्फात किती आहेत हे माहीत हवं ना. फॉर्मॅलिन, ग्लुटरअल्डिहाइड यांच्या नादी घरी लागू नका, ती प्रयोगशाळेची कामं आहेत.

दारू किंवा स्पिरिटमध्ये नमुना जपायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. लाल रंग तेलात असतो आणि स्पिरिट तो ओढून घेतं.

या वेळी बाटल्या नीट आल्या. थर्मासमधल्या थेंबात गोल, गुळगुळीत, माणकासारख्या लाल पेशी होत्या, बहुतेक २० मायक्रॉनच्या आसपास. लाल इतकं दाट की हिरवं दिसतच नव्हतं. एक हलकेच दाबली तेव्हा लाल थेंब कडेला सरले आणि मध्ये हरितलवकाचा हिरवा गोळा उघडा पडला. त्यांच्यात अधूनमधून लांबट पेशी होत्या, केशरी रंगाच्या, भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत उभ्या धारा असलेल्या, दोडक्यासारख्या. त्या क्लोरोमोनास या बर्फावरच्या दुसऱ्या शैवालाच्या. दोन्ही एकाच थेंबात सापडणं नेहमीचं आहे, म्हणून 'लाल बर्फ म्हणजे एकच जीव' असं लिहू नका. लुगोलच्या बाटलीतला थेंब शाईत घेतला तर गच्चीवरच्यासारखंच पांढरं कडं, त्यात काड्या आणि शिवाय खडकाच्या धुळीचे टोकदार कण रुतलेले. पांढऱ्या बर्फाच्या बाटलीत पाच वर्तुळं पालथी घातली तेव्हा एखाद-दुसरा जिवाणू सापडला.

आपल्या सूक्ष्मदर्शकाला इथे मर्यादा येते. तेलाच्या भिंगानंही पाव मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. भिंतीचे थर, हरितलवकातल्या पापुद्र्यांच्या चळती, वेष्टनातलं धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या जिवाणूची स्वतःची दुहेरी त्वचा, हे सगळं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम. पण तिथेही नमुना धुऊन नेला तर चित्रात रिकामी जागाच येणार. बर्फावरच्या या पेशी लाल रंगामुळे ऊन शोषतात आणि आजूबाजूचा बर्फ लवकर वितळवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्क्टिकमधल्या हिमनद्यांच्या अभ्यासात लाल शैवालामुळे बर्फाची प्रकाश परतवण्याची क्षमता वितळण्याच्या हंगामात १३ टक्क्यांनी घटू शकते असं दिसलं. मला वाटतं, हिमालयातला गुलाबी बर्फ पाहणारे डोळे वाढायला हवेत आणि ट्रेकिंगला जाणारी आपली मुलं ते काम करू शकतात.

चित्र काढताना मी आता वर्तुळ आधी काढते, मग पेशी, मग भिंत, मग वेष्टनाची तुटक रेघ आणि शेवटी त्यातली प्रत्येक काडी जिथे दिसली तिथेच. अंदाजानं काड्या भरायच्या नाहीत. मोबाइल डोळ्याच्या भिंगाला लावून फोटो घ्या, पण चित्र काढल्यावर. चित्र काढताना स्क्रू सतत फिरवावा लागतो आणि त्या फिरवण्यातच पेशीची खोली कळते.

स्लाईडच्या उजव्या टोकाला चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, जागा, त्या वेळचं तापमान, काय मिसळलं, किती वेळानं पाहिलं हे लिहा. आणि सगळ्यात खाली माझ्यासारखंच, लाल शाईनं: न धुतलेलं.